तामातीने ओतून दिलेली चरबी

मित्रांनो, मी एक जुनी, चांगली मुरलेली चरबी आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मी थांबते.

झालं? आता ऐका.

माझी सुरुवात समुद्रातल्या बारीक मासळीत झाली. तिथून तीती या समुद्रपक्ष्याच्या चोचीतून मी त्याच्या पिलाच्या पोटात आले. बिळात बसून ते पिलू इतकं फुगलं की आईबापांपेक्षा जड झालं. त्याला कुणी आळशी म्हटलं नाही. महासागर ओलांडायचा तर शिदोरी हवी, आणि ती मीच. साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा माझ्यात असते. बांधणी साधी: एक डोकं, तीन लांब शेपट्या. शेपट्यांना पाण्याचा तिटकारा, म्हणून मी पाण्याचं ओझं वाहत नाही. माझ्या एका चुलत बहिणीला दोनच शेपट्या. तिचं डोकं मात्र पाण्यावर भाळलेलं. अशा बहिणी शेपट्यांना शेपट्या लावून दोन रांगांत उभ्या राहिल्या की पेशीची भिंत होते. तुमच्याही. ज्या जिभेने तुम्ही मला नावं ठेवता, तिच्याही.

असो. मी रागावलेली नाही.

माझं पिलू उडालं नाही. रीपेका आजीचं कुटुंब पणज्यांच्या काळापासून दर मे महिन्यात या पक्ष्यांच्या बेटावर पिलं धरायला येतं. ती पिलं त्यांच्याच चरबीत शिजवायची, समुद्रशेवाळाच्या फुगवलेल्या पिशवीत भरायची आणि वरून मला काठोकाठ ओतायचं. मी थिजले की आत हवा शिरत नाही. मांस महिनोन्‌महिने टिकतं. या वेळची पिशवी हुइया या नातीच्या लग्नाची होती. ती नासली तर आजी रोटोरुआला, व्याह्यांच्या दारात रिकाम्या हाताने उभी राहणार होती.

ओतायचं काम आजीने नातवाला, तामातीला दिलं. तो ऑकलंडहून व्यायामशाळेतले दंड घेऊन आला होता. त्याने अर्धं पातेलं खडकावर उलटं केलं. समुद्रपक्ष्यांनी मेजवानी केली.

"तामाती! हे काय केलंस?"

"आजी, पाहुण्यांना जेवायला बोलावलंय की दवाखान्यात भरती करायचंय?"

"आणि हे उघडे पडलेले पक्षी? यांच्यावर काय ओतू, तुझी अक्कल? ती पुरायची नाही."

"मग आता?"

"आता पातेलं उचल आणि घरोघर माग."

तो निघाला. बेटावर शेजारी तीनच.

पहिल्या झोपडीतले रावीरी काका दारातच हसले. "काय रे, दंडावरची संपली वाटतं?"

दुसऱ्या घरच्या मावशीने डाव भरून दिला. "नीट धर. इथे सांडलीस तर तुलाच चाटून घ्यावी लागेल."

तिसऱ्या घरी कुणी बोललंच नाही. चरबी घातली आणि सगळे बाहेर येऊन नुसते बघत उभे राहिले. तामातीच्या म्हणण्यानुसार ते सर्वांत वाईट होतं.

पातेल्यात चार घरच्या आम्ही एकत्र आलो. ओळखी झाल्या. मग काठोकाठ भरलो, थिजलो, आणि जुलैपर्यंत एकही बुडबुडा आत येऊ दिला नाही.

लग्नात पिशवी उघडली. विहीणबाईंनी वास घेतला, तुकडा तोंडात टाकला, बोट चाटलं.

"चव झकास. चरबी घरचीच ना?"

तामाती खाली मान घालून म्हणाला, "अर्धी शेजाऱ्यांची. घरची मी फेकली."

विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी तीन पक्षी त्याच्याच ताटात वाढले. त्याने तिन्ही संपवले आणि ताटात उरलेल्या मला पावाने पुसून घेतलं.

तेव्हापासून माझा मुक्काम त्याच्या पोटावर, उजव्या बाजूला आहे. रोज सकाळी आरशासमोर तो मला चिमटा काढतो. "जा की आता!"

मी जात नाही. मित्रांनो, मला डोक्यावर घेऊन नाचा असं मी म्हणत नाही. ढीगभर खा असंही नाही. पण ओतून देण्याआधी माझ्याखाली काय झाकलंय, ते एकदा बघा. तामाती बघतो. या मे महिन्यात पातेलं पुन्हा त्याच्याच हातात होतं. पिशवी काठोकाठ भरली. एक थेंब डावाला राहिला.

तो त्याने इकडेतिकडे बघून चाटला.