एनॉसचं अक्षर

"जरा मागून बघ गं, अजून पांढरं दिसतंय का?"

एनॉस आरशासमोर वाकून डोक्याला बुटाचं काळं पॉलिश चोळत होता. १९४० सालचा जून होता, आमच्या दक्षिणेकडल्या मुलखात ऐन थंडीचा महिना. खिडकीच्या काचेवर थंडीनं वाफ धरली होती.

"कानामागं राहिलंय," मी म्हणाले. "आणि वाटेत पाऊस आला तर? कॉलरवर काळे ओघळ घेऊन उभा राहशील भरतीच्या साहेबापुढं."

"पावसाच्या आत सही उरकतो."

"चाळीस वर्षांचा घोडा झालास. एक लढाई पुरली नाही?"

"पस्तिशीच्या आतले घेतात म्हणे. चौतीस सांगतो. मागच्या वेळी तीन वाढवली होती, आता सहा कमी करतो. हिशेब सरकारनं लावावा."

तो हसला. मला हसू आलं नाही. महिन्यापूर्वीच त्यानं जुन्या सोबत्याच्या बापाच्या, टॉम पेंगेलीच्या शवपेटीला खांदा दिला होता, आणि त्या दिवसापासून त्याचा घरात पाय ठरत नव्हता.

आमचं गाव तांब्याच्या खाणींचं. खाणी बंद पडल्या, तशी माणसं पांगली. जे राहिले ते एकमेकांची सात पिढ्यांची कुंडली सांगू शकत. एनॉस पंधराव्या वर्षी खोटं वय सांगून पहिल्या लढाईवर गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याबरोबर लेन पेंगेली गेला, तोही पंधराचाच. लेन फ्रान्समध्ये पोझिएरला मारला गेला. सोळा पुरी होऊन तीन आठवडे झाले होते.

लेनच्या आईनं सरकारला पत्र घातलं, माझ्या अजाण पोराला नेलंत कसं? सरकारनं उत्तरासोबत एक कागद धाडला. आईबापांचं संमतीपत्र, एकविशीच्या आतल्या पोरांना ते लागे. मुलगा अठराचा आहे, त्याच्या जाण्याला आमची हरकत नाही. खाली तिची आणि टॉमची, दोघांची सही. तिनं तर सही केली नव्हती. मग उरला कोण? नवरा.

टॉमनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, ही सही माझी नाही. तिनं बायबल उचलून फडताळात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. गावानं तिची बाजू घेतली. चॅपलमध्ये टॉमच्या बाकावर दुसरं कुणी बसेना.

एनॉस परत आला, पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करू लागला, माझ्याशी लग्न केलं. पेंगेलींच्या घरचं काम तो बोलावण्याआधीच जाऊन करी. एकदा मीही बरोबर होते. आम्हाला जेवायला बसवलं होतं.

"एनॉस," टॉम म्हणाला, "तिला विचार, मीठ कुठं आहे."

"त्याला सांग," बाई म्हणाल्या, "डोळे फुटले नसतील तर समोरच आहे."

एनॉसनं मिठाचं भांडं उचलून टॉमपुढं ठेवलं. मग अर्धं जेवण टाकून तो पंप बघायला उठला.

आणखी एक गोष्ट मला कधी उमगली नव्हती. एनॉस लिहीत नसे. दुकानाची चिठ्ठी असो की बहिणीला पत्र, सगळं मी लिहायचं. सहीसुद्धा एक वेडीवाकडी रेघ. मी त्याला चिडवायचे, "शाळेत काय शेळ्या राखल्यास?" तो मान खाली घालायचा.

म्हणून तो लढाईवर गेल्यावर तोब्रुकच्या आघाडीवरून त्याचं पत्र आलं, तेव्हा मला वाटलं कुण्या सोबत्याकडून लिहून घेतलंय. इतकं वळणदार, मोत्यासारखं अक्षर मी गावात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं.

'हेस्टर, हे मीच लिहितोय. आमच्या तुकडीत नेव्हिन नावाचा एक पोरगा निघाला. ओठावर लव नाही. खोदून विचारलं तर सोळाचा. मी साहेबाला सांगून टाकलं. पोरगा माझ्या पायाशी थुंकला, म्हातारा फितूर म्हणाला. पण गेला, हेस्टर. जिवंत परतीच्या बोटीत चढला.

'लेनचं संमतीपत्र मी लिहिलं होतं. दोन्ही सह्या मीच केल्या. लेन नको म्हणत होता. एकट्यानं जायची मला भीती वाटत होती.'

मी ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि दीड वर्ष कुणाला बोलले नाही. पेंगेलीबाई रस्त्यात भेटल्या, की माझी मान आपोआप खाली जाई.

बेचाळीस सालच्या शेवटी गुडघा निकामी होऊन एनॉस परतला. पिशवी दारात ठेवली, पाणीही प्याला नाही.

"चल," म्हणाला. "तू बरोबर असलीस तर पळणार नाही मी."

पेंगेलीबाई मटार सोलत होत्या. एनॉसनं उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटची शेंग झाल्यावर त्या म्हणाल्या, "टॉम गेला त्या दिवशीही मला म्हणाला, मी नाही गं लिहिलं. मी भिंतीकडं तोंड केलं होतं."

"बाई, मी..."

"रडू नकोस. रडायला आलायस होय माझ्याकडं? इथं चार भिंतींत सांगून काय उपयोग? त्याला गावानं वाळीत टाकलं होतं. रविवारी गावासमोर सांग."

रविवारी प्रार्थना संपली आणि एनॉस उठला.  त्यानं काही गाळलं नाही. लेन नको म्हणत होता, हेसुद्धा सांगितलं.  बाहेर पडताना माणसं त्याला वळसा घालून गेली. ज्यांनी टॉमला वळसा घातला होता, तीच.

पेंगेलीबाई सगळ्यांत शेवटी आल्या. डिसेंबरचं, भर उन्हाळ्यातलं ऊन डोळ्यांत खुपत होतं. घरचा रस्ता उजवीकडं होता, त्या डावीकडं वळल्या. टॉमला पुरलं ती दफनभूमी तिकडं, चांगली दोन मैल लांब.

एनॉस लंगडत त्यांच्यामागं निघाला. "या उन्हात एकट्या नका जाऊ, बाई. मी येतो सोबत."

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"नको. मला त्याच्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "मध्ये कुणी नको."

एनॉस तिथंच थांबला. मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली की नाही कोण जाणे. लांब, पांढऱ्या रस्त्यावर त्यांची काळी टोपी बारीक होत गेली, आणि तो हातात हॅट धरून, उघड्या डोक्यानं बघत राहिला.