टोपी डोक्यावरच राहील

सुपर कपला नावं ठेवणारे पुष्कळ. म्हणे फुटबॉलचा हा काय सामना आहे, दुकान उघडायच्या आधी मारलेला झाडू! वर्षभर खेळून लीगमध्ये पहिला आलेला संघ एकीकडे, बाद फेऱ्यांचा कप जिंकलेला दुसरीकडे, आणि नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोघांची एकदाच गाठ. जिंकलात तर मिरवा, हरलात तर विसरा. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण ज्यांचा कप ‘तुक्का लागला’ म्हणून सगळ्या देशाने हसण्यावारी नेला होता, त्यांना जाऊन विचारा सुपर कप म्हणजे काय ते.

मामांना विचारा. मामा हे त्या कप जिंकलेल्या छोट्या संघाच्या गोलकीपरचे मास्तर. क्लबात शिपायापासून अध्यक्षापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, पण खरे मामा ते एकाचेच. तो एकुलता एक भाचा म्हणजे लीग जिंकलेल्या मोठ्या संघाचा पुढच्या फळीतला हुकमी गडी. सहा फूट उंची, दारासारखी छाती, आणि घरात नाव काय, तर बारक्या! लहानपणी काडीसारखा होता म्हणून पडलेलं नाव. मामींनी ते मरेपर्यंत सोडायचं नाही असं ठरवलेलं.

बारक्या पोरवयातच मामांच्या घरी आला. आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, आजारात गेली. बापाने ‘चार दिवस ठेवा’ म्हणून आणून सोडला आणि जो गेला तो गेलाच. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामींनी पोराला पोटाशी धरलं आणि मामांनी मैदानावर नेलं, कारण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पोरगं धावायचं आणि पडायचं. पडलं की गुडघा फुटायचा. मग मामा डोक्यावरची टोपी काढून गुडघ्याला वारा घालायचे. ‘वाऱ्याने का कुठे गुडघा बरा होतो?’ म्हणून मामी हसायच्या. गुडघा नसेल होत, पण रडणं थांबायचं, हे त्यांनीही पाहिलं होतं.

आता त्या टोपीचं सांगायला हवं. पेनल्टीच्या वेळी गोलकीपरने कुठल्या बाजूला झेप घ्यायची, हे मामा बाजूरेषेवरून टोपीने सांगत. टोपी उजव्या हातात असली की त्याने आपल्या उजवीकडे जायचं, डाव्या हातात असली की डावीकडे. डोक्यावरच राहिली तर, बाबा रे, मला काही माहीत नाही, तुझं तू बघ. ही खूण तिघांनाच ठाऊक होती. मामांना, त्यांच्या गोलकीपरला, आणि त्या मैदानावरच लहानाचा मोठा झालेल्या बारक्याला.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात बारक्या घरी जेवायला आला. खुर्चीवरून उठताना टेबलाला धरून उठला. मामांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

“काय झालंय?”

“काही नाही रे मामा.”

“मला शिकवू नकोस. पँट वर कर.”

उजवा गुडघा सुजून आलेला. मामींनी जेवण तसंच ठेवलं आणि फ्रीजरमधून बर्फ काढून फडक्यात बांधला. बारक्या खाली बघून बोलला. वसंतातल्या एका सामन्यात पाय पिरगळला होता. लपवून खेळत होता. संघाच्या डॉक्टरला पत्ता नव्हता. नव्या कराराची बोलणी पक्की झाली होती, सह्या सुपर कपनंतर होणार होत्या. तोवर कोणाला कळलं तर संपलं सगळं.

“पाय बाहेर वळवून मारताच येत नाही आता,” तो म्हणाला. “पेनल्टीसुद्धा एकाच बाजूला बसते, गोलकीपरच्या उजवीकडे.”

“मग मारू नकोस पेनल्टी.”

“दर वेळी शेवटची मीच मारतो. नाही म्हटलं की पहिला प्रश्न डॉक्टरच विचारेल.”

मामी बर्फ धरून बसल्या होत्या. मग बारक्याने मान वर केली.

“मामा, तुला ठाऊक झालं आता. त्या दिवशी तू पलीकडे असशील.”

मामांना ते लागलं. लागणारच. पण पोराच्या डोळ्यांत भीती होती, ती त्यांना बघवेना. “अरे गाढवा,” ते म्हणाले, “बाकीच्यांच्या वेळी मी माझं काम करीन. तुझ्या वेळी टोपी डोक्यावरच राहील. झालं समाधान?”

“मामी, तू साक्षीदार.”

“मी आहे. आणि जिंको कोणीही, सामना झाला की दोघांनी इथे जेवायला यायचं,” मामी म्हणाल्या.

शब्द दिला मामांनी. फुकट नव्हता तो. क्लबने त्यांना हळूच सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी तरुण मास्तर आणायचा विचार आहे. या एका सामन्याने ते टिकले असते. शिवाय तुक्का, तुक्का ऐकून कान किटले होते. तरी त्यांनी शब्द दिला आणि रात्री गाढ झोपले, कारण पोरापुढे कप म्हणजे काय हो? एक भांडं.

सामना दुपारी झाला. मैदान खच्चून भरलं होतं. छोट्यांनी पूर्वार्धातच गोल करून सगळ्यांना गप्प बसवलं, मोठ्यांनी उत्तरार्धात तो फेडला. आणि कोणी फेडला? बारक्याने, डोक्याने. मामांनी खाली बघत हळूच टाळी वाजवली आणि मुख्य मास्तरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. या सामन्यात जादा वेळ नसतो. बरोबरी झाली की थेट पेनल्ट्या, दोन्हीकडून पाच पाच.

गोलकीपर हा ताडमाड गडी, त्याला सगळे खांब म्हणत. प्रत्येक वेळी तो मामांकडे एक नजर टाकी आणि मामा टोपी काढीत. एकदा बाजू बरोबर आली, पण चेंडू बोटांना लागून आत गेला. बाकीच्या वेळी समोरच्यांनी मामांना चक्क उल्लू बनवलं. छोट्यांचे पाचही आत, मोठ्यांचे चार आत. राहिली शेवटची, बारक्याची. गेली तर पुढे चालू, चुकली तर सुपर कप छोट्यांचा.

मामांनी टोपी नीट डोक्यावर दाबून बसवली. दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवली. शेजारी मुख्य मास्तर पुटपुटले, “मामा, हा तर तुमच्या घरचा. काहीतरी माहीत असेलच.” मामा म्हणाले, “नाही हो. काही नाही.” आयुष्यात इतकं सरळ खोटं ते पहिल्यांदाच बोलले असतील. खांबाने बघितलं, टोपी डोक्यावर दिसली, त्याने खांदे उडवले.

बारक्यानेही बघितलं. चेंडू ठेवण्याआधी त्याने एक क्षण मामांकडे पाहिलं, टोपी जागेवर दिसली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. मामांना तेवढंच हवं होतं. मार बाबा, ते मनात म्हणाले, मार आणि सुट.

बारक्याने चेंडू ठेवला, मागे जायला वळला, आणि वळताना त्याचा गुडघा मुडपला. पडला नाही तो. एक हात गुडघ्यावर गेला, तोंड वेडंवाकडं झालं आणि लगेच सावरला. मैदानात बऱ्याच जणांना वाटलं, बुटात खडा गेला असेल.

मामांना तसं वाटलं नाही. त्यांना काही वाटायला वेळच मिळाला नाही. त्यांच्या टकलाला वारा लागला तेव्हा त्यांना कळलं की आपण रेषेपर्यंत पुढे आलोय आणि टोपी उजव्या हातात आहे. पोरगं पडलं की हात टोपीकडे जायचा आणि टोपी गुडघ्याकडे. इतकी वर्षं झाली, पण हाताला कोण सांगणार की पोरगं आता सहा फुटांचं झालंय!

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. पण खांबाने पाहायचं ते पाहिलं होतं. आणि बारक्यानेही.

बारक्याला बाजू बदलता आली असती तर प्रश्नच नव्हता. पण ते त्याच्या पायात उरलं नव्हतं. कुठे मारणार हे समोरच्याला कळलंय, हे ठाऊक असून त्याला तिथेच मारायचं होतं. शिट्टी झाली. तो धावत आला आणि मारला. खांब आधीच उजवीकडे निघाला होता. चेंडू त्याच्या दोन्ही पंजांत अलगद बसला. बारक्या मारल्या जागी गुडघा धरून बसला तो उठलाच नाही.

पुढचा गोंधळ काय सांगावा! खांबाने मामांना उचलून घेतलं. “काय कलाकार हो तुम्ही! मला वाटलं भाच्याला सोडताय. अगदी शेवटच्या क्षणाला काढलीत!” मुख्य मास्तर सगळ्यांना ओरडून सांगत होते, “शिका! नात्यापेक्षा संघ मोठा कसा असतो, ते या माणसाकडून शिका!” अध्यक्षांनी मिठी मारली आणि म्हणाले, “पुढच्या वर्षीची काळजी सोडा मामा.” मामा ‘अहो, तसं नाही, ऐका तरी’ म्हणत राहिले. जिंकलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

गळ्यात पदक तसंच घेऊन ते मोठ्यांच्या खोलीकडे गेले. बाहेरच्या बाकावर बारक्या पाय लांब करून बसला होता आणि संघाचा डॉक्टर गुडघा दाबून बघत होता. डॉक्टरचा चेहरा बघूनच मामांना कळलं, करार गेला. तो उठून आत गेला.

“बारक्या...”

“अभिनंदन.”

“अरे, तुझा गुडघा मुडपला, म्हणून माझा हात...”

“उजवा हात. बरोबर उजवाच.”

“मी सगळं उजव्याच हाताने करतो रे. तुला वारा घालायला म्हणून...”

बारक्याने त्यांच्याकडे बघितलं. “एवढ्या भरल्या मैदानात तुम्ही मला वारा घालायला निघाला होतात?”

तुम्ही म्हणाला. जन्मात कधी म्हणाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मामांना स्वतःलाही ते उत्तर ऐकताना लंगडं वाटलं. खरं होतं, पण कोणी बनवून सांगावं असंच वाटत होतं.

“जा,” बारक्या म्हणाला. “तिकडे तुमची वाट बघत असतील.”

मामा घरी आले तेव्हा नुकते दिवे लागले होते. टेबलावर तीन ताटं मांडलेली. मामी खिडकीशी उभ्या होत्या. टीव्ही बंद होता.

“फोन आला होता त्याचा,” त्या म्हणाल्या. “येत नाही म्हणाला.”

मामांनी पदक काढून ठेवलं आणि टोपी हातात घेऊन बसले.

“वारा घालायला गेलात ना?” मामींनी विचारलं.

मामांनी चटकन वर पाहिलं आणि मग त्यांना रडूच आलं. चांगलं मोठ्याने. अख्ख्या देशात एका माणसाला न सांगता कळलं होतं. “अगं, तुला कळलं! मग तू सांग त्याला. तुझं ऐकेल तो. तू साक्षीदार आहेस.”

“सांगितलं.”

“मग?”

मामींनी खिडकी लावून घेतली. “म्हणाला, मामी, तू त्यांचीच बाजू घेणार. तू त्यांची बायको आहेस.” मग पुढचं सांगू की नको असं करत त्यांनी सांगितलं. “म्हणाला, माझी आई असती तर तिला विचारलं असतं.”

मामांनी उठून फ्रीजर उघडला. बारक्यासाठी मामींनी दुपारीच बर्फाच्या दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. मामांनी त्या हाताने चाचपून बघितल्या.

“घट्ट झालाय,” ते म्हणाले.

“राहू दे तिथेच,” मामी म्हणाल्या आणि तिसरं ताट उचलून आत नेलं.