मिठाच्या पुडीवरची बाई

रोह्यात माझं डिझाइनचं दुकान आहे. बहुतेक काम लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर. त्यामुळे धरमतरच्या मिठागरातल्या बायकांच्या बचत गटाने मिठाच्या पुडीसाठी चित्र मागितलं, तेव्हा मी हवेतच होते. कॉलेजात माझा विषयच इंग्रजांच्या काळातली लेबलं. विलायती कापडाच्या गठ्ठ्यांवर, काडेपेट्यांवर ठरलेली बाई: गोरीपान, डोळे अर्धे मिटलेले, हातात कमळ. काढणाऱ्या साहेबाने आपल्याकडची बाई बहुधा पाहिलीच नसावी. मी तीच बाई उचलली, कमळ काढून डोक्यावर टोपली दिली आणि स्वतःवर खूश होऊन पेणची एसटी पकडली.

गटाच्या अध्यक्ष सीताबाई. त्यांनी कागद लांब धरला.

"ही कोन गो? मीठ वाहते का हळदीला चाललीय?"

"पैंजण बघ," शेजारच्या विमलताई म्हणाल्या. "खाऱ्या पान्यात चांदी टिकंल का? आन् लुगडं घोट्यापर्यंत. पहिल्याच पावलाला चिखलात आपटंल."

"आपटली तरी डोळं उघडायची नाय," सीताबाई म्हणाल्या, आणि सगळ्या पोट धरून हसल्या.

मला राग आला. चार वर्षांचा अभ्यास पाण्यात, आणि चित्र पसंत पडलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. म्हटलं, "मग खरीखुरी बाई काढते. उद्या तुमचाच फोटो घेते, सीताबाई. आखूड लुगडं, डोक्यावर टोपली, आहे तसं." त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सीताबाई मिठागराच्या बांधावर हजर. जांभळा शालू, तोंडाला पावडर, गळ्यात सुनेचा हार. मागून विमलताई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन.

"अहो, काल चित्रातल्या बाईला हसलात ना तुम्ही!" मी म्हटलं.

"हसनार नाय तर काय? येवढी नटलेली बाई, आन् तिला तू कामाला लावलंस." त्यांनी खुर्ची नीट टेकवली. "माझ्या डोकीवर चाळीस वर्सं टोपली हाय. तुझ्या कागदावर तरी मला बसू दे गो."

मला खरंच लाज वाटली. त्या साहेबाला मी कॉलेजात किती नावं ठेवली होती! आणि तुम्हाला कसं दिसायचंय, हे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

सीताबाई ऐटीत बसल्या. मी कॅमेरा उचलला, तर त्या हातांपाशी अडल्या. आधी मांडीवर ठेवले, मग पदराखाली, मग पुन्हा बाहेर.

"रिकामं हात कुठं ठेवायचं असतात गो?" त्यांनी मला विचारलं.