बाबांच्या हातावरची लाली

हाबानेरो मिरच्या चिरायचं काम सोडू का, असं आईनं पुन्हा विचारलं, तेव्हा बाबा सालबूतेच्या तळलेल्या पुरीचा घास चावत म्हणाले, "नखरे नुसते! मिरचीनं हात जळतात म्हणे. युकातानचीच ना तू?"

सॉसच्या कारखान्यातून आई कोपरापर्यंत लाल होऊन यायची. मेरिदा शहरातल्या प्रयोगशाळेत वेदनेवर संशोधन करणारी मी, "साबणानं धू गं" म्हणून मोकळी व्हायचे.

शेवटी तिला रजा घ्यायला लावून मी आमच्या डॉक्टर सेतीनाबाईंकडे नेलं. बाबाही आले, तमाशा बघायला. आईच्या हाताची चाचणी घ्यायला बाईंनी मिरचीचा अर्क काढला.

"आधी माझ्यावर करा!" बाबांनी बाही सरसावली. बाईंनी मिरचीच्या अर्काचा थेंब टाकलेला कापूस त्यांच्या हातावर दाबून धरला. मग विचारलं, "डॉन विल्बर्थ, दहापैकी किती दुखतंय?"

"शून्य. आमच्याकडे पोरं ही मिरची बिस्किटासारखी दुधात बुडवून खातात."

त्यांच्या वरच्या ओठावर घाम फुटला होता. कापूस उचलला, तर त्याच्याबाहेर चांगली तळहाताएवढी लाली पसरलेली.

"अर्क इथवर आलाच नव्हता," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिखट मज्जातंतूच्या टोकाला लागलं की तिथलं दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं. मग तो तंतू मेंदूला कळवतो, आणि आजूबाजूच्या कातडीत स्वतःची रसायनंही सोडतो. ही लाली त्या रसायनांची. तोंड गप्प ठेवता येतं, हे नाही."

बाबांनी मान खाली घातली. पुटपुटले, "आठ." मग आईकडे न बघताच, "रोज एवढं होतं?"

"तुमचा कापूस एवढासा आहे," आई म्हणाली.

एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. ते दार, ते कॅल्शियम मला तोंडपाठ होतं, आणि तिचे हात रोज समोर होते.

बाईंनी जळजळ उतरवायला तेलाचा बोळा दिला. बाबांनी तो स्वतःला लावलाच नाही. आईचा हात ओढून घेतला आणि तिच्या मनगटापासून वर हळूहळू चोळू लागले.

आईनं हात सोडवून घेतला.

"अहो, आज रजा आहे माझी," ती म्हणाली. "आज काही जळत नाहीये."