तहानलेलं ठेवायचं झाड

रघुवीर देवस्थळी लॅव्हेंडरची कुंडी घेऊन काउंटरपाशी आले, तेव्हा गार्डन सेंटरमधल्या बाईनं त्यांना ओळखलं.

"आणखी एक?" ती हसून म्हणाली. "तुमची बाग बघण्यासारखी असणार."

"माझ्या बायकोची आहे," रघुवीर म्हणाले.

त्या दुकानात त्यांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. मागच्या खेपेला त्यांनी झाड मुलीच्या घरासाठी हवंय म्हणून सांगितलं होतं आणि त्याच्या आधी मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी वाढदिवसासाठी. तिनं विचारलंही नव्हतं. पण आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस एकदा सुरू झाला की त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची डिकी लगेच उघडली नाही. आधी वर जाऊन पाहिलं. सुप्रभा दुपारची झोपली होती. मग बाजूच्या फाटकानं मागच्या अंगणात जाऊन त्यांनी मोठ्या मातीच्या कुंडीतलं मेलेलं झाड उपटलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती आणि त्यांना गटारासारखा वास येत होता. ते झाड बागेच्या कचऱ्यासाठी कौन्सिलनं दिलेल्या ब्राऊन बिनमध्ये, वर कापलेलं गवत पसरून. नवं झाड कुंडीत. हात धुऊन चहा ठेवेपर्यंत सगळं आटोपलं. रघुवीर हाडांचे डॉक्टर होते. लीड्समधल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे खुबे त्यांनी बदलले असं मंडळात गमतीनं म्हणत. खराब झालेलं काढायचं, नवं बसवायचं, पेशंटला चालतं करायचं, एवढीच त्यांची विद्या. ती त्यांनी आता बागेत लावली होती.

लॅव्हेंडर सुप्रभाचं. स्वतः फांदी खोचून वाढवलेलं, दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून, छपराच्या वळचणीखाली, म्हणजे ऊन मिळेल पण लीड्सचा पाऊस लागणार नाही. कुंडी दोन विटांवर उचललेली. माती निम्मी आणि बारीक खडी निम्मी. खत नाही. फुलं सरली की ऑगस्टमध्ये छाटायचं, पण हिरव्यापर्यंतच. जुन्या लाकडात कात्री घातली तर पुन्हा फुटत नाही. आणि पाणी, बोट घालून माती पार कोरडी लागली तरच. मंडळातल्या बायका तिच्याकडून फांद्या न्यायच्या आणि महिन्याभरात झाड मेलं म्हणून सांगायला यायच्या. सुप्रभा उखडायची. "अगं, ती काय तुळस आहे, रोज अंघोळ झाली की तांब्या ओतायला? तहानलेलं ठेवायचं झाड आहे ते. त्याच्याकडे जरा दुर्लक्ष करायला शिका!" ती भूलतज्ज्ञ होती. किती द्यायचं आणि कधी थांबायचं हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

तीच सुप्रभा मे महिन्यात झारी घेऊन लॅव्हेंडरपाशी गेली. पाणी घालून आत आली, झारी ठेवली, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा झारी भरली. रघुवीर पेपर वाचत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान वर केली. "अगं, आत्ताच घातलंस की पाणी."

"मी?" ती म्हणाली. "लॅव्हेंडरला?"

तिनं बाहेर जाऊन माती पाहिली. कुंडीखालच्या विटांवरून पाणी वाहत होतं. तिचा चेहरा असा झाला, की रघुवीरांना तो बघवेना. ते "चहा टाकतो" म्हणून आत पळाले. हो, पळालेच. ती मुकाट्यानं वर जाऊन पांघरूण ओढून झोपली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. किल्ल्या हरवणं, नावं विसरणं हे तिनं हसण्यावारी नेलं होतं. हे नेता येईना.

तेव्हाच रघुवीरांनी ठरवलं की असं पुन्हा तिच्या तोंडावर सांगायचं नाही. झारी लपवून पाहिली, तर ती पातेल्यानं पाणी घालू लागली. कुंडी हलवली, तर ती दिवसभर कुंडी शोधत फिरली. मग उरला तो बदलायचाच मार्ग. झाड मेलं की नवं. तिला वाटू दे सगळं ठीक आहे.

पण बोटं विसरत नाहीत. जूनमध्ये एका सकाळी सुप्रभानं कुंडीत बोट घातलं आणि ती म्हणाली, "अहो, हे माझं झाड नाही."

"तुझंच आहे गं."

"माझ्या झाडाचं खोड लाकडासारखं झालं होतं. हे कोवळं आहे. आणि ही माती बघा, काळी, मऊ. यात खडीचा दाणा नाही."

"पावसानं वाहून गेली असेल खडी," रघुवीर म्हणाले. इतकं बावळट उत्तर त्यांच्या हाताखालच्या पोराटोरांनी दिलं असतं तर त्यांनी वॉर्डबाहेर काढलं असतं.

तिला पटलं नाही. कुणीतरी येऊन झाड बदलून जातं, ही गोष्ट तिच्या मनात घट्ट बसली, आणि चोर लागतो म्हणून तिनं चोरही शोधला: शेजारची ब्रेंडा. ब्रेंडा आणि ती लेक इरावतीच्या जन्माच्या आधीपासून कुंपणावरून गप्पा मारत आल्या होत्या. सुप्रभानं मागच्या फाटकाला कुलूप लावलं. ब्रेंडा केक घेऊन आली तर दार उघडलं नाही. रघुवीर दाराच्या आत उभे होते. ब्रेंडा पायरीवर केक ठेवून गेली, तिची पाठ त्यांनी काचेतून पाहिली, आणि तरीही ते काही बोलले नाहीत.

सप्टेंबरमध्ये मेमरी क्लिनिकची नर्स घरी येणार होती. त्यासाठी इरावती केंब्रिजहून आली. तिथे ती संशोधन करते. मराठी बोलते ती आईबाबांच्या हट्टाखातर, पण बोलते.

"आई, तू रिलॅक्स हो, ओके? हा काही टेस्ट नाहीये. फक्त चॅट."

"टेस्टच आहे ती," सुप्रभा म्हणाली. "मला माहितेय ना. साडी नेसू का?"

नर्सचं नाव हेलन. बोलायला मऊ, ऐकायला तयार. सुप्रभाला तारीख सांगता आली नाही, कागदावर घड्याळ काढता आलं, तीन शब्दांतला एक आठवला. मग हेलननं सहज विचारलं, की घरात कशाची काळजी वाटते का.

"वाटते," सुप्रभा म्हणाली. इंग्रजीत, अगदी ऑपरेशन थिएटरमध्ये बोलायची तशी, एकेक मुद्दा वेगळा करून. "माझं लॅव्हेंडर कुणीतरी बदलतं. मी कल्पना करत नाहीये. खोडाची जाडी वेगळी आहे. माती वेगळी आहे. माझ्या मातीत खडी असते."

हेलन रघुवीरांकडे वळली. "असं काही घडलंय का, डॉक्टर देवस्थळी?"

खरं सांगायला एक 'हो' पुरला असता. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कोण' आणि त्याच्या पुढचा 'का'. तो 'का' सुप्रभासमोर, लेकीसमोर, नर्ससमोर उच्चारायचा. मे महिन्यातला तो चेहरा पुन्हा बघायचा.

"नाही," ते म्हणाले. "झाड तेच आहे."

सुप्रभानं त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. पण हा माणूस आपल्याशी कधी खोटं बोललेला नाही, हे तिला अजून पक्कं आठवत होतं.

"हे म्हणतात म्हणजे तसंच असेल," ती हळूच मराठीत म्हणाली. मग हेलनला इंग्रजीत सांगितलं, "लिहा. माझंच डोकं फिरलंय."

हेलननं लिहिलं. जाताना दारात ती रघुवीर आणि इरावतीला म्हणाली, की अशा समजुती या आजारात होतात, आपण वाद घालू नये. फार त्रास झाला तर डॉक्टर एखादी गोळी देतील, तिनं थोडी गुंगी येते. आयुष्यभर दुसऱ्यांना गुंगी देणाऱ्या बाईला आता गुंगी. रघुवीरांनी मान डोलावली. इरावती बाथरूममध्ये जाऊन रडली, तो आवाज त्यांना जिन्यापर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुवीर स्वयंपाकघरात आले. खिडकीतून सुप्रभा दिसली, गाऊनवर कार्डिगन घालून कुंडीपाशी वाकलेली. तिनं बोट मातीत खुपसलं, बाहेर काढलं, निरखलं, कार्डिगनला पुसलं. पुन्हा खुपसलं. पुन्हा निरखलं. झाडाची तपासणी नव्हती ती. आपलं बोट आपल्याशी खोटं बोलतंय का, हे ती तपासत होती. रघुवीरांना स्वतःची किळस आली. अनवाणीच ते बाहेर गेले.

"सुप्रभा, झाड मी बदलतो."

ती वळली. "काय म्हणालात?"

"मी. ब्रेंडा नाही, कुणी नाही. मी दुकानातून आणतो आणि तू झोपलीस की बदलतो. पहिल्यापासून."

तिनं बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि तिचा चेहरा उजळला. त्यांनी कितीतरी महिन्यांत तिला असं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"हो."

"खोड, माती, सगळं?"

"सगळं."

ती मोठ्यानं हसली. वरची खिडकी उघडून इरावतीनं डोकं बाहेर काढलं. "बघ गं," सुप्रभा ओरडली, "तुझ्या बाबांना मी पकडलं! मला खडी शिकवतात!" मग हसू ओसरलं. "पण का हो?"

या वेळी रघुवीर चहा टाकायला गेले नाहीत. तिला धरून त्यांनी पायरीवर बसवलं, शेजारी बसले आणि सांगितलं. तू पाणी घालतेस, विसरतेस, पुन्हा घालतेस. झाडं कुजून मेली. तुला कळू नये म्हणून मी बदलली.

"मी?" ती म्हणाली. "लॅव्हेंडरला?"

"हो गं."

त्यांनी तिचा हात सोडला नाही. शेवटी ती म्हणाली, "कालपासून मला वाटत होतं मी वेडी झाले. विसरणं परवडलं हो. ते वाटणं नाही परवडलं."



इरावती खाली आली, तिनं सगळं ऐकलं आणि बापावर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्ही नर्सला लाय केलंत? आईला सगळ्यांसमोर वेडा ठरवलात? बाबा, हाऊ कुड यू?" त्यांनी सुप्रभासमोरच हेलनला फोन लावला, झाड आपण बदलत होतो हे सांगितलं, आणि का, तेही सांगितलं. मग ब्रेंडाकडे जाऊन सांगितलं. ब्रेंडा रडली, आणि म्हणाली की केक जळकाच होता, बरं झालं खाल्ला नाहीत.

दुपारी सुप्रभानं त्यांना खडी आणायला पिटाळलं. दुकानातल्या झाडाची काळी माती तिनं बोटांनी झाडून टाकली, मुळं मोकळी केली, निम्मी माती निम्मी खडी कालवली, आणि झाड लावून वरून खडीचा थर दिला. तिचा हात एकदाही अडखळला नाही. "आता पंधरा दिवस याच्याकडे ढुंकून बघायचं नाही," तिनं बजावलं. रघुवीरांना वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी ती झारी घेऊन बाहेर गेली. ती पाणी ओतणार तेवढ्यात रघुवीर पोचले. तिनं कुंडीकडे बोट दाखवलं, आवाज खाली आणला, आणि कुंपणापलीकडे ब्रेंडाच्या घराकडे संशयानं पाहिलं. "अहो, हे माझं झाड नाही. कुणीतरी बदललंय."

कबुली रात्रीत पुसली गेली होती. संशय तेवढा शाबूत होता.

आता नोव्हेंबर लागलाय. लीड्समध्ये चारला अंधारतं. हेलनशी बोलून ती गोळी टळली आहे, पण घरी किती दिवस निभेल हे कुणी छातीठोक सांगत नाही. इरावती फोनवर म्हणते, बाबा, रोज कशाला सांगता? गप्प राहा, ती विसरेलच. रघुवीरांनी गप्प राहून बघितलंय. झारी उचलल्याचा आवाज आला की ते उठतात, बाहेर जातात आणि सांगतात, की झाड मी बदललं, तू बरोबर होतीस. तिचा चेहरा उजळतो. तिला 'का' विचारायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते त्या चेहऱ्याकडे बघून घेतात.

मग ती विचारते. आणि रघुवीर तिच्या हातातली झारी घेऊन खाली ठेवतात, तिच्या शेजारी गार पायरीवर बसतात, आणि तिला सांगतात.