न वापरलेल्या फायली

‘फाइल सापडत नाही.’ पडद्यावर ही सूचना अकराव्यांदा आली, तेव्हा बटणमावशींनी माऊस सोडून दिला आणि कपाळावर हात मारून घेतला. बारा गाण्यांपैकी अकरा गाण्यांमध्ये साथीची वाद्यं जागच्या जागी होती, फक्त गाणाऱ्या बाईंचा आवाज नव्हता. जिथे त्यांच्या आवाजाच्या लाटा दिसायच्या, तिथे नुसता रिकामा पट्टा.

संगीतशाळेच्या मागच्या खोलीत मावशी चौदा वर्षं रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर सांभाळत होत्या. त्याआधी टायपिस्ट होत्या, ती कला या कलेला कशी लागू पडली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. गाणारे-वाजवणारे सगळे आपापली रडगाणी घेऊन त्यांच्याकडे यायचे. कुणाला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू यायचा. कुणाच्या एकाच गाण्याच्या ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘हीच खरी फायनल’ अशा तीन प्रती असायच्या, आणि खरी कुठली ते देव जाणे. मावशी मान डोलावत ऐकून घ्यायच्या, दोन-चार बटणं दाबायच्या, प्रश्न मिटायचा. वर उपदेश फुकट, “बाबांनो, आधी प्रत काढा, मग हात लावा.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काल दुपारी डिस्क भरल्याची सूचना आली आणि घरी जायच्या घाईत मावशींनी ‘न वापरलेल्या फायली काढून टाका’ हे बटण दाबलं. प्रत काढली नाही. आता लक्षात येत होतं, घोळ आधीच झाला होता. पहिल्या गाण्याची मांडणी झकास जमली म्हणून त्यांनी तिचीच नक्कल करून पुढची अकरा गाणी बसवली होती. वेळ वाचला, पण बाराही गाण्यांमधला बाईंचा आवाज एकाच फोल्डरमध्ये साठत गेला; साथीची वाद्यं तेवढी वेगळ्या फोल्डरमध्ये होती. काल समोर बारावं गाणं उघडं होतं. प्रोग्रामने तेवढंच पाहिलं आणि बाकीच्या गाण्यांचा आवाज बिनकामाचा ठरवला. ‘खात्री आहे का?’ असं त्याने विचारलंसुद्धा. मावशींनी ‘हो’ म्हटलं होतं.

पुन्हा गाऊन घ्या म्हणायची सोय नव्हती. बाईंचं स्वरयंत्र काढावं लागणार हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाच त्यांनी स्वतः बांधलेली बारा गाणी आठ दिवसांत इथे गाऊन ठेवली होती. ऑपरेशनला आता दोन महिने झाले. आज चार वाजता त्या आणि त्यांचे यजमान ती गाणी पहिल्यांदाच ऐकायला येणार होते. घड्याळात साडेदहा झाले होते.

त्यांनी भाचीला फोन लावला. बहिणीची ही मुलगी याच खोलीत शिकली आणि आता एका मोठ्या स्टुडिओत नाव काढून होती. मावशींनी सगळं एका दमात सांगितलं.

“मावशी, आधी एक सांग. काही सेव्ह केलंस का नंतर?”

“नाही गं.”

“मग करू नकोस. माऊसला हात लावू नकोस. पाणी पी.”

“पाणी काय पी. त्या माउलीचा आवाज पुसला मी. कुठल्या तोंडाने सांगू त्यांना?”

“सांगायचं ते नंतर बघू. तुझा कॉम्प्युटर म्हातारा. इतकी वाद्यं एकदम वाजवताना अडखळत नव्हता?”

“अडखळायचा की. मेला दर दोन मिनिटांनी बसायचा.”

“मग काय करायचीस?”

“काय करणार? संध्याकाळी त्या गेल्या की त्यांचा ट्रॅक गोठवायचे. तूच नाही का दाखवलंस? तयार आवाजाची वेगळी फाइल करून ठेवतो, मग त्याला सारखं गणित करावं लागत नाही.” एवढं बोलून मावशी थांबल्या.

“ती फाइल तो कुठे ठेवतो गं?” मावशींनी हळूच विचारलं.

“दुसऱ्या फोल्डरमध्ये. आणि साफसफाईचं बटण तिकडे बघत नाही. उघड.”

मावशींनी उघडलं. आठ फायली. आठ दिवसांच्या आठ, एकेक ही एवढी मोठी. डिस्क भरली होती ती खरं तर यांच्यामुळेच. पहिलीवर टिचकी मारली आणि बाईंचा आवाज खोलीभर पसरला. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच, फोन कानाला लावून, ढसाढसा रडल्या.

“मावशी? आहेत का?”

“आहेत. सगळ्या आहेत. तुला आयुष्य लागो माझं.”

“माझं मला पुरे आहे. आधी प्रत काढ.”

मावशींनी एक सोडून तीन प्रती काढल्या. मग कामाला लागल्यावर कळलं, की नुकसान अगदीच टळलेलं नव्हतं. गोठवताना आवाजावर चढवलेली घुमारी, म्हणजे मोठ्या सभागृहात गायल्यासारखा घुमणारा नाद, आता त्यात कायमची मुरली होती. दुधातली साखर काढता येत नाही तशी ती काढता येणार नव्हती. शिवाय बाईंना गाताना मध्ये थांबवलेलं खपत नसे, म्हणून मावशी सकाळी रेकॉर्डिंग सुरू करत ते संध्याकाळीच बंद करत. त्यामुळे गाण्यांच्या अधेमधे खोकणं, पाणी मागणं, तक्रारी, सगळा बाजार होता. महिनाभर बसून कापलेलं आता पुन्हा कापायचं होतं. मावशी जेवायलाही उठल्या नाहीत. चारपर्यंत चार गाणी नीट झाली.

बाई आल्या. गळ्याभोवती मऊ रुमाल, हातात लहानशी वही. त्यांचे यजमान, काका, नेहमीसारखे दाराशी चपला सरळ लावत होते. मावशींनी त्यांना बसूही दिलं नाही.

“बाई, काल माझ्या हातून तुमचा आवाज पुसला गेला. परत मिळालाय, पण घुमारीसकट. ती आता निघायची नाही. आणि बारावं शाबूत आहे, ते सोडलं तर चारच गाणी स्वच्छ झालीत. चूक माझी आहे, कॉम्प्युटरची नाही.”

काका बाईंकडे बघू लागले. बाईंनी वहीत लिहिलं आणि वही पुढे केली. ‘मिळालाय ना? मग लाव.’

चार गाणी झाली. बाई डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होत्या. चौथं संपल्यावर त्यांनी लिहिलं, ‘ही बाई विहिरीत बसून गायल्यासारखी वाटते. पण सुरात आहे.’ मावशींना हसू आलं. बाईंनी खुणेनेच पाचवं लावायला सांगितलं. “ते अजून कच्चं आहे हो,” मावशी म्हणाल्या, पण लावलं.

पाचवं गाणं संपलं. कागद चाळवल्याचा आवाज आला, आणि मग बाई बोलल्या. गाण्यातल्या नव्हे, रोजच्या, जरा त्रासिक आवाजात.

“अहो, माझा चष्मा कुठे ठेवलात?”

त्या दिवशी काका काचेपलीकडे, मावशींच्या बाजूला बसले होते. रेकॉर्ड होणारा माइक फक्त बाईंपाशी होता, काकांचं बोलणं त्यांना नुसतं हेडफोनमध्ये ऐकू यायचं. काकांचं उत्तर रेकॉर्ड झालेलंच नव्हतं, तिथे तीन-चार सेकंदांची शांतता होती. मावशींचा हात ते बंद करायला पुढे गेला.

“डोक्यावर आहे तुझ्या,” काका सवयीने म्हणाले.

“अगंबाई, खरंच की,” स्पीकरमधून बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

शेजारी बसलेल्या बाईंचे खांदेही आवाज न करता हसत होते. स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजतच होतं, त्यातल्या बाई पाणी पीत होत्या, घसा साफ करत होत्या. काकांनी खुर्ची स्पीकरच्या जवळ ओढून घेतली.

“ताई,” ते मावशींना म्हणाले, “हे मधलं काही कापू नका.”