लाल दार

चंद्रिकेचं पत्र मला १९७९ च्या जुलैत आलं. बाहेर ऊस तुटत होता, आणि घराघरात जळक्या पाल्याची काळी राख उडून येत होती. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

चंद्रिका म्हणजे माझा मित्र कृष्णदेव याची मुलगी. आमच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या मराठीच्या वर्गात, ती माझ्याकडे शिकली. पुढे माझ्याकडची पुस्तकं नेऊ लागली आणि कधी कधी परतही आणू लागली. विसाव्या वर्षी ती नर्सिंगला इंग्लंडला गेली. तिथून तिने लिहिलं होतं की टीव्हीवर एक मालिका नुकतीच संपली, वॉर्डातल्या पेशंटांबरोबर ती दर आठवड्याला बघत असे. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर खाणीत कामाला नेलेली माणसं, आणि त्यांना परत न्यायला येणारं यान. शेवटच्या भागात यान येतं. सगळे बाहेर जातात. एक बाई आत राहते. लाल दाराच्या कडीवर तिचा हात असतो आणि तिथेच मालिका संपते. ‘गुरुजी, ती दार उघडते की नाही? तुम्ही इतकं वाचलंय. मला दुसरं कोणी नाही विचारायला.’

मी दोनदा कागद पुढे घेतला. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये असं मुलांना शिकवत आलो होतो, आणि ही मालिका तर आमच्या बेटावर दाखवलीच नव्हती. हे कारण खरं होतं, पण पुरतं नव्हतं. पोरगी मालिकेबद्दल विचारत नाही, असा मला संशय आला होता आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालायची माझी छाती नव्हती. मग महिने गेले आणि इतक्या उशिरा काय लिहायचं म्हणून राहून गेलं.

आठ वर्षांनी तिच्या आईच्या, विद्यावतीवहिनींच्या, पोटात गाठ निघाली. ऊसतोडणी संपेपर्यंत तगल्या तर नशीब, असं डॉक्टरांनी मुलाला, जयदेवला, बाजूला घेऊन सांगितलं. पण वहिनींना ते कळलंच. त्यांनी एकच मागितलं, चंद्रीला बोलवा. कृष्णदेव जाऊन बरीच वर्षं झाली होती, चंद्री एकदाही आली नव्हती. जयदेवने तार केली. उत्तर म्हणून ती आली नाही, एक खोका आला.

जयदेव गावालगतच्या विमानतळावर मालाच्या गोदामात कामाला होता. खोका त्यानेच ओळखला आणि कामाचे कपडे न बदलता माझ्याकडे घेऊन आला. आत व्हिडिओ कॅसेट होत्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात आकडा, आणि एक चिठ्ठी. ‘मला येता येत नाही. मी बरी नाही. ह्या कॅसेट आईला गुरुजींबरोबर दाखवा. ते समजावून सांगतील.’

“बोलली असणार ती कॅसेटात,” जयदेव म्हणाला. “नाहीतर एवढ्या कशाला पाठवील?”

मलाही तसंच वाटलं. तेव्हा गावात लंडनहून, पॅरिसहून कॅसेट यायच्या. कुणाचं लग्न, कुणाचं नवं घर, ही आमची मोरी, ही आमची मोटार, आजी, हा बघ तुझा पणतू. कॅसेट आली की शेजारपाजार जमायचा आणि दूरच्या माणसाला घरी आल्यासारखं मानायचा. म्हणून रविवारी जेवणं उरकल्यावर सगळी आळी जयदेवच्या बैठकीच्या खोलीत आली. त्याच्या बायकोने, कामिनीने, गातो पिमां तळले होते, ते आमचे डाळीचे तिखट वडे. वहिनींना खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. त्यांनी केसांना तेल लावून घेतलं होतं आणि त्या लग्नात नेसायचं हिरवं लुगडं नेसल्या होत्या.

“माँ, आपण तिला बघणार. ती थोडीच तुला बघते?” कामिनी म्हणाली.

“असू दे गो,” वहिनी म्हणाल्या.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग राखाडी आकाश, मग एक यान आणि चकचकीत झग्यातली माणसं.

“आयो!” शेजारचा बलराम ओरडला. “चंद्रीने नवरा चंद्रावरून आणला काय?”

सगळे हसले. वहिनीही हसल्या. जयदेवने कॅसेट पुढे पळवली. माणसं लगबगीने इकडून तिकडे गेली, एक दगड कुणाचा धक्का लागून हलला.

“पुठ्ठ्याचा आहे रे तो!”

“आणि रंग कुठे गेला?”

“लंडनच्या कॅसेटला आपल्याकडे रंग येत नाही,” जयदेव म्हणाला. “त्यांचं मशीन वेगळं, आपलं फ्रेंच.” त्याने दुसरी कॅसेट घातली, मग तिसरी. तीच माणसं, तोच पुठ्ठा. वडे संपले तशी मंडळी उठली. जाताना बलराम वहिनींच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला.

जयदेवने मशीन बंद केलं. “वेडी झालीय ती. मरणाऱ्या आईला हे पाठवते?”

“पुढे असेल,” वहिनी म्हणाल्या. “सगळं बघितलंस का तू? शेवटी असेल ती. भाऊजी, तुम्ही दाखवा मला. तुमचं नाव लिहिलंय तिने.”

म्हणून दुपारच्या वेळी मी तिकडे जाऊ लागलो. जयदेव कामावर असे, कामिनी धुण्यापाशी. कॅसेट लावायला मी तिच्याकडूनच शिकलो आणि पहिल्या दिवशी चुकीचं बटण दाबून घाबरलो. पडद्यावर इंग्रजी चाले आणि मी मध्ये मध्ये मराठीत सांगत जाई, बैठकेत पोथी सांगावी तसं. माझं इंग्रजी पुस्तकी आहे, त्या माणसांचं बोलणं भरभर. किती वेळा मी अंदाजाने सांगितलं, देव जाणे.

या वयात हे बोलायला संकोच वाटतो, पण मला ती मालिका आवडू लागली. भिंती हलायच्या, यान दोरीला टांगल्यासारखं डुलायचं. तरी ती माणसं आपसात बोलू लागली की मी टेकून बसायचं विसरे. त्यांना पाच वर्षांच्या करारावर नेलेलं असतं. पाच वर्षं होतात, यान येत नाही. कंपनी म्हणते, आणखी थोडं. कुणी त्या मातीत भाजी लावतो, कुणी मरतो. त्यांच्यातली ती बाई आजाऱ्यांची व्यवस्था बघायची. वहिनी तिला ‘दवाखानेवाली’ म्हणत.

“माझा आजा असाच आला,” वहिनी एकदा म्हणाल्या. “रत्नागिरीकडून. त्यालाबी पाच वर्षंच सांगितली होती. परतीचं भाडं देऊ म्हणाले होते.”

“मग दिलं?”

“मी इथे बसलेय ना, भाऊजी.”

त्या आता जेवत नव्हत्या, नुसती पेज घेत. दुखणं आलं की डोळे मिटत आणि मी कॅसेट थांबवी. “चालू द्या,” त्या म्हणत. “ऐकतेय मी.”

शेवटच्या कॅसेटच्या दिवशी मी घरून निघतानाच अस्वस्थ होतो. शेवट मला ठाऊक होता. यान उतरलं. लोक धावले. दवाखानेवाली एकटी आत उरली, तिने खोली आवरली आणि दाराशी आली.

“ते दार लाल आहे,” माझ्या तोंडून गेलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“चंद्रिकेने लिहिलं होतं. पूर्वी एकदा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. पडद्यावर बाईचा हात कडीवर गेला. बाहेरून कुणी तिचं नाव घेऊन हाक मारली. चित्र तिथेच थांबलं आणि नावं वर सरकू लागली. मग मुंग्या आल्या. वहिनी मुंग्यांकडेही बघत राहिल्या. मी ते संपूर्ण चालू दिलं, कारण मलाही खुळी आशा होती की आता चंद्रिका दिसेल. कॅसेट संपून खट्कन थांबली.

“नाही आली,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मग हेच तिचं सांगणं. तिने तुम्हाला समजवायला सांगितलंय. भाऊजी, ती बाई दार उघडते का? उघडत असेल तर चंद्री येतेय.”

मी वेळ मागून घेतला, पुन्हा बघतो म्हणालो. कॅसेट थोडी मागे घेतली. आता खोली आवरण्याचा तो भाग नीट पाहिला. गेलेल्या लोकांची अंथरुणं ती एक एक घडी घालून ठेवते. शेवटचं उरतं ते तिचं. त्याच्यावरची चादर ती फक्त सारखी करते आणि उशी थोपटून जागेवर ठेवते. जाणारी बाई उशी थोपटत नाही. ती तिथेच झोपणार होती. हे सगळं लिहिणाऱ्याने मुद्दाम ठेवलं होतं की मी माझ्या सवयीने त्यात नको तो अर्थ काढत होतो? मला अजूनही खात्री नाही. पण त्या क्षणी होती.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या मनगटाची हाडं वर आली होती.

“उघडते, वहिनी,” मी म्हणालो. “उघडते ती.”

“मला वाटलंच,” त्या म्हणाल्या.

एका रुग्णाला धीर द्यावा एवढंच माझ्या मनात होतं. दुसऱ्या दिवसापासून काय सुरू होईल याचा विचार मी केला नाही. वहिनींनी मागची खोली पुसून घ्यायला लावली. कामिनीकडून नवी चादर काढवली. लंडनचं विमान कोणत्या वारी येतं ते जयदेवला विचारून घेतलं, आणि त्या वारी सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसू लागल्या. डॉक्टरांनी दिलेली दुखण्यावरची गोळी त्या दिवशी घेईनात, कारण ती घेतली की झोप येते आणि चंद्री आली तेव्हा आपण झोपलेलो असू नये. विमान घरावरून खाली येई, छपराचे पत्रे थरथरत. मग रस्त्यावर मोटार वाजेल म्हणून त्या कान देत. दुखण्याने ओठ चावून काळे झाले होते. संध्याकाळी कामिनी त्यांना उचलून आत नेई.

वहिनी दुसऱ्यांदा अशा बसल्या त्या दिवशी जयदेव माझ्या दारात आला. तो आत आला नाही.

“काय सांगितलंत तुम्ही तिला?”

मी सांगितलं.

“आणि दीदी येणार आहे?”

“मला वाटत नाही.”

“गुरुजी, ती गोळी घेत नाही. दिवसभर तळमळते बाहेर. मी तिला जाऊन सांगू, की गुरुजी खोटं बोलले? तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकणार नाही, आणि तुम्हीच...” तो थांबला. लहानपणी पाढा चुकला की तो असाच थांबे आणि मान खाली घाली. आता त्याने मान खाली घातली नाही.

मी त्याच दुपारी वहिनींकडे गेलो. खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. त्या मला बघून म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्याशी बोलायला तिला फार आवडेल. बसा.” मी बसलो. चहा घेतला आणि परत आलो.

मग मी लिहायला बसलो. खोक्यावर तिचा पत्ता होता, तो जयदेवने उतरवून दिला होता. उत्तर लांबल्याची सबब पहिल्या मसुद्यात पानभर झाली, ती काढून टाकली. शेवटी हे लिहिलं:

‘चंद्रिका, मालिका आम्ही दोघांनी सगळी पाहिली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं, की ती दार उघडत नाही. तिने आपलं अंथरूण काढलेलं नाही. त्यासाठी मी तिला नावं ठेवणार नाही आणि तुलाही ठेवत नाही. तुझं आजारपण मला ठाऊक नाही, ये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण मी तुझ्या आईला सांगितलं की ती दार उघडते. आता लंडनचं विमान येतं त्या दिवशी त्या औषध न घेता व्हरांड्यात बसतात. माझं खोटं मला मोडता आलं नाही, समोर गेलो आणि बोलता आलं नाही. तू येणार नसशील तर तसं आईला तू स्वतः लिही, तुझ्या शब्दांत. लगेच लिही. वाचून मी दाखवीन, एक शब्द बदलणार नाही. येणार असशील तर लिहू नकोस, नुसती ये.’

पोस्टात खिडकीमागे इंद्राणी होती, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने पाकीट तोललं. “किती दिवसांत पोचेल?” मी विचारलं.

“पा कोने, गुरुजी,” ती म्हणाली. कुणास ठाऊक. “आठवडा तरी. तातडीचं आहे का?”

मी हो म्हणालो. तिने जास्तीचं तिकीट लावलं, वर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.